स्टेनलेस स्टीलची खरेदी : नाव नव्हे, प्रत पाहावी

(शासकीय अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर करण्यात आलेल्या भाषणाचा मजकूर)



दूध संस्थेतील शीतकरणाची टाकी, शाळेच्या स्वयंपाकघरातील मोठी पातेली, ग्रामीण रुग्णालयातील हात धुण्याचे बेसिन, गावाच्या पाणीपुरवठा योजनेतील साठवण टाकी या वस्तू वरकरणी अगदी वेगवेगळ्या दिसतात. त्यांचे मूळ मात्र पुष्कळदा एकच असते. ते म्हणजे स्टेनलेस स्टीलची कॉईल, अर्थात पोलादी पत्र्याची भली मोठी गुंडाळी. कारखानदार ही कॉईल विकत घेतो, ती उलगडून सरळ करतो, कापतो, वाकवतो, जोडतो आणि त्यातून टाकी उभी राहते. टाकी विकत घेणारी संस्था कॉईल कधी पाहत नाही. तथापि टाकी पाच वर्षे टिकणार की पंचवीस वर्षे, याचा निर्णय बहुतांशी त्या कॉईलच्या खरेदीच्या वेळीच होऊन गेलेला असतो.

सार्वजनिक पैशातून होणाऱ्या खरेदीत एक त्रुटी वारंवार आढळते. मागणीपत्रात 'स्टेनलेस स्टीलची टाकी, उत्तम दर्जाची' एवढेच लिहिलेले असते. हे लिहिणे म्हणजे बियाण्याच्या दुकानात जाऊन 'धान्याचे बियाणे, चांगले' असे मागण्यासारखे आहे. स्टेनलेस स्टील हे एका धातूचे नाव नसून ते एका मोठ्या घराण्याचे नाव आहे.

न गंजण्याचे रहस्य

साध्या पोलादावर गंज चढतो आणि त्या गंजाचे पापुद्रे सुटत गेल्याने आतला धातू पुन्हा उघडा पडतो. पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम मिसळले असता वेगळेच घडते. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांपैकी दोन-तीन भागांइतकीच त्याची जाडी असते. परंतु हा थर धातूला घट्ट चिकटून राहतो, आणि ओरखडा पडला तरी हवेच्या सान्निध्यात आपोआप भरून येतो. स्टेनलेस स्टीलचे सारे सामर्थ्य या अदृश्य थरात आहे. तो जेथे तुटतो आणि पुन्हा तयार होऊ शकत नाही, तेथे हे पोलादही गंजते.

हा शोध फार जुना नाही. जर्मनीतील क्रुप कारखान्यात एडुआर्ड मॉरर आणि बेन्नो स्ट्राउस यांनी क्रोमियम व निकेल असलेल्या पोलादावर काम केले आणि १९१२ मध्ये त्यासंबंधीचे एकस्व अर्ज दाखल झाले. इंग्लंडमधील शेफिल्ड येथे हॅरी ब्रिअर्ली हे बंदुकीच्या नळ्या लवकर का झिजतात याचा अभ्यास करीत होते. १९१३ मध्ये त्यांनी सुमारे १३ टक्के क्रोमियमचे पोलाद ओतले. नळीसाठी शोधलेला हा धातू पुढे सुऱ्या-चमच्यांसाठी प्रसिद्ध झाला.

घराण्यातील शाखा

बाजारात सर्वाधिक परिचित असलेली प्रत म्हणजे ३०४. तिच्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के किंवा थोडे अधिक निकेल असते. भांड्यांवर '१८/८' असे जे लिहिलेले असते ते याच प्रमाणावरून. ३१६ या प्रतीत निकेल १० टक्के वा अधिक असते आणि शिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते. मिठाच्या आणि क्लोराइडच्या माऱ्यापुढे टिकण्याचे तिचे विशेष बळ या मॉलिब्डेनममधून येते. ४३० या प्रतीत १६ ते १८ टक्के क्रोमियम असते, निकेल मुद्दाम मिसळलेले नसते. ती स्वस्त असते आणि तिला चुंबक चिकटते.

चौथी शाखा २०० या मालिकेची. हिच्यात महाग निकेलचा काही भाग काढून त्याऐवजी मँगनीज घालतात. २०१ या प्रतीत निकेल ३.५ ते ५.५ टक्के असते, आणि बाजारात मिळणाऱ्या काही प्रकारांत ते एक टक्क्याच्या आसपासच असते. हा माल बनावट नव्हे. कोरड्या जागेतील फर्निचर, सजावट, काही घरगुती भांडी यांसाठी तो रास्त आहे. खोटेपणा सुरू होतो तो हाच माल ३०४ म्हणून विकला जातो तेव्हा. नवा असताना दोन्ही पत्रे सारखेच चकाकतात आणि नुसत्या डोळ्यांना त्यांतील भेद ओळखता येत नाही.

येथे एका लोकसमजुतीचे निराकरण करणे आवश्यक आहे. 'चुंबक चिकटले नाही तर माल अस्सल' असे सर्रास मानले जाते. १९९२ पासून काढण्यात आलेले एक रुपयाचे स्टीलचे नाणे चुंबकाजवळ नेऊन पाहावे. ते तत्काळ चिकटते, आणि तरीही ते स्टेनलेस स्टीलचेच असते. उलट २०० मालिकेच्या स्वस्त पत्र्याला चुंबक सहसा चिकटत नाही, तर अस्सल ३०४ चा पत्रा वाकवल्यावर वाकाच्या जागी किंचित चिकटू शकते. चुंबकाने ४३० वेगळे काढता येते, पण ३०४ आणि २०१ यांच्यातील भेद कळत नाही. फसवणूक तर नेमकी तेथेच होते.

या मोहामागे निकेलचा भाव आहे. भारताला निकेल मुख्यत्वे आयात करावे लागते आणि त्याच्या किमती जागतिक बाजारात हेलकावे खातात. ८ मार्च २०२२ रोजी लंडन मेटल एक्सचेंजमध्ये निकेलचा दर टनामागे एक लाख डॉलरच्या वर गेला आणि तेथील व्यवहार थांबवावे लागले. असा धातू ज्या मालात मिसळायचा, त्या मालाचा दर कोणी बाजारापेक्षा फारच कमी सांगत असेल, तर त्यात निकेल किती आहे हा प्रश्न विचारणे हे खरेदीदाराचे कर्तव्यच ठरते.

जागा पाहून प्रत

सर्वांत महाग प्रत घेणे म्हणजे चांगली खरेदी नव्हे. पुण्यात वा विदर्भात समुद्रापासून दूर असलेल्या दूध संस्थेच्या टाकीला ३०४ ही प्रत पुरेशी असते. कोकण किनारपट्टीवर मात्र खाऱ्या वाऱ्यात ३०४ च्या कठड्यांवर आणि टाक्यांवर चहासारखे तपकिरी डाग पडतात, पुढे टाचणीच्या टोकाएवढे खळगे पडतात. तेथे ३१६ साठी अधिक खर्च करणे हीच काटकसर ठरते.

पंचायत सदस्यांनी आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. पाणी शुद्ध करण्यासाठी वापरली जाणारी ब्लीचिंग पावडर क्लोरिनयुक्त असते. योग्य प्रमाणात मिसळलेल्या पाण्याने टाकीला सहसा अपाय होत नाही. परंतु पावडर तशीच ओतली आणि तिचा गाळ तळाशी साचून राहिला, तर त्या गाळाखाली संरक्षक थर तुटतो आणि पत्रा कुरतडला जातो. पावडर आधी वेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यात कालवून, निवळ तेवढी टाकीत सोडावी. फरशी धुण्याचे ॲसिडही स्टेनलेस स्टीलजवळ आणू नये.

क्लोराइडचा परिणाम किती भीषण होऊ शकतो, याचे उदाहरण स्वित्झर्लंडमधील उस्टर या गावी घडले. मे १९८५ मध्ये तेथील बंदिस्त जलतरण तलावावरील काँक्रीटचे छत कोसळले आणि १२ जण मृत्युमुखी पडले. छत स्टेनलेस स्टीलच्या सळ्यांवर टांगलेले होते. तलावाच्या क्लोरिनयुक्त दमट हवेत, सतत ताणाखाली असलेल्या त्या सळ्यांना भेगा पडत गेल्या होत्या. धातू स्टेनलेस होता, परंतु त्या जागेसाठी योग्य नव्हता.

खरेदी आदेशात काय लिहावे

कॉईल थेट खरेदी करणारा कारखानदार असो वा तयार टाकीची निविदा काढणारी संस्था असो, कागदावर पुढील गोष्टी स्पष्ट असाव्यात.

पहिली गोष्ट प्रत आणि मानक. पत्रा, चादर व पट्टी यांसाठी भारतीय मानक आयएस ६९११ आहे, भांड्यांच्या पत्र्यासाठी आयएस ५५२२ आणि कमी निकेलच्या भांड्यांच्या पत्र्यासाठी आयएस १५९९७ आहे. केंद्र शासनाने २०१६ मध्ये स्टेनलेस स्टीलसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढून या मानकांना कायद्याचे बळ दिले. जेथे जोडकाम पुष्कळ आहे तेथे ३०४ ऐवजी ३०४ एल मागावे. 'एल' म्हणजे कर्ब कमी, ०.०३ टक्क्यांपेक्षा अधिक नाही.

दुसरी गोष्ट जाडी, आणि ती मिलिमीटरमध्येच. बाजारात 'गेज' बोलण्याची रीत आहे, परंतु गेजचे तक्ते एकसारखे नाहीत. २० गेज म्हणजे ब्रिटिश तक्त्यानुसार ०.९१४ मिलिमीटर, तर अमेरिकन तक्त्यानुसार स्टेनलेससाठी सुमारे ०.९५ मिलिमीटर. जाडीबरोबर अनुज्ञेय फरकही लिहावा.

जाडीचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. एक मिलिमीटर जाड आणि १२५० मिलिमीटर रुंद अशा ३०४ च्या पत्र्याचे वजन दर मीटरला सुमारे ९.९ किलो भरते. म्हणजे दहा टनांच्या कॉईलमध्ये जवळजवळ एक किलोमीटर पत्रा असतो. जाडी ०.९ मिलिमीटर निघाली, तर तेवढ्याच वजनात सुमारे ११० मीटर पत्रा अधिक मिळतो. कॉईल वजनावर विकली जाते, त्यामुळे ती घेणाऱ्याचे पैशात नुकसान होत नाही, उलट टाक्या अधिक निघतात. टाकी मात्र नगावर विकली जाते. जाडीतील तूट शेवटी टाकी घेणाऱ्या गावाच्या पदरात पडते. यास्तव टाकीच्या मागणीपत्रात पत्र्याची जाडी आणि रिकाम्या टाकीचे किमान वजन, दोन्ही नमूद करावीत.

तिसरी गोष्ट पृष्ठभाग. उष्ण लाटण केलेला खरखरीत 'क्रमांक १', शीत लाटण केलेला गुळगुळीत '२बी', आरशासारखा 'बीए' आणि घासून तयार केलेला 'क्रमांक ४' हे नेहमीचे प्रकार होत. दूध वा अन्न जेथे लागणार तेथे गुळगुळीत पृष्ठभाग हवा, कारण खरखरीत पत्र्यावर अंश चिकटून राहतात आणि धुणे कठीण होते.

चौथी गोष्ट कॉईलची रुंदी, आतील व्यास, कमाल वजन आणि काठाचा प्रकार. कार्यशाळेतील यंत्र व क्रेन यांना न पेलणारी कॉईल दारात आली, तर ती दुसरीकडे नेऊन कापून आणण्याचा खर्च वाढतो. कॉईलचे बाहेरचे वेढे निर्दोष असून आतील वेढ्यांवर ओरखडे वा डाग असू शकतात. ते उलगडल्याशिवाय दिसत नाहीत. म्हणून उलगडल्यानंतर आढळलेल्या दोषाबद्दल माल परत करण्याचा अधिकार आदेशातच राखून ठेवावा.

पडताळणी

प्रत्येक कॉईलसोबत उत्पादकाचे परीक्षण प्रमाणपत्र मागावे. त्यावर ज्या भट्टीच्या ओतीतून माल निघाला तिचा क्रमांक, म्हणजे 'हीट नंबर', रासायनिक घटकांचे प्रमाण आणि ताणबळ दिलेले असते. नुसते प्रमाणपत्र फाइलला लावणे म्हणजे पडताळणी नव्हे. कागदावरील क्रमांक आणि कॉईलच्या चिठ्ठीवरील क्रमांक एकच आहे काय, हे प्रत्यक्ष पाहावे. कॉईल कापल्यावर तो क्रमांक प्रत्येक तुकड्यावर उतरवून घ्यावा. ही साखळी एकदा तुटली की कोणता पत्रा कोणत्या कागदाचा हे सांगता येत नाही.

क्ष-किरणांवर चालणारे हातात धरण्याजोगे विश्लेषक यंत्र काही सेकंदांत क्रोमियम, निकेल, मँगनीज व मॉलिब्डेनम यांचे प्रमाण दाखवते. मोठ्या खरेदीत अशी तपासणी करून घेण्याची अट अवश्य घालावी आणि ती तयार टाकीच्या अंगावर, दोन-तीन ठिकाणी करावी. या यंत्राने कर्बाचे प्रमाण मात्र समजत नाही. ३०४ आणि ३०४ एल यांतील भेदासाठी नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो. जाडी मायक्रोमीटरने, काठापासून थोडे आत, निरनिराळ्या जागी मोजावी.

कार्यशाळेतील काळजी

योग्य माल येऊनही काम बिघडू शकते. साध्या लोखंडाच्या ग्राइंडिंगची ठिणगी वा तारेच्या ब्रशचे कण स्टेनलेस पत्र्यावर बसले, तर पहिल्या पावसातच तेथे गंज दिसतो आणि दोष मात्र पत्र्याला दिला जातो. दोन्ही कामांची जागा व हत्यारे वेगळी असावीत. जोडकामात धातू सुमारे ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात फार वेळ राहिला, तर क्रोमियम कर्बाशी संयोग पावते आणि सांध्याच्या कडेला संरक्षणासाठी उरत नाही. जोडाजवळ उमटलेला निळा-तपकिरी रंग प्रशिक्षित कामगाराकडून, योग्य आम्लप्रक्रियेने काढून टाकलाच पाहिजे. टाकी ताब्यात घेताना आतील सांधे टॉर्चच्या प्रकाशात पाहावेत. रंग तसाच असेल तर काम अपुरे समजावे.

किमान दराचा अर्थ

किमान दराची निविदा स्वीकारण्याचा दंडक योग्यच आहे. परंतु दरांची तुलना एकाच वस्तूच्या दरांची व्हावी. मागणीपत्रात प्रत लिहिलेली नसेल, तर ३०४ देणारा प्रामाणिक कारखानदार आणि त्याहून हलका पत्रा देणारा पुरवठादार एकाच तराजूत तोलले जातात, आणि प्रामाणिक माणूस हरतो. पुढच्या वेळी तो निविदाच भरत नाही. अशा रीतीने एका अपुऱ्या ओळीमुळे गावाची टाकी तर बिघडतेच, शिवाय चांगला कारागीरही बाजारातून बाहेर ढकलला जातो.

ग्रामसभेच्या ठरावापासून कॉईलच्या चिठ्ठीपर्यंत प्रत, जाडी, पृष्ठभाग आणि प्रमाणपत्र हे चार शब्द अखंड पोहोचले पाहिजेत. ते लिहिण्यास एक पैसाही लागत नाही. शिक्षकांनी शाळेत रुपयाचे नाणे आणि चुंबक घेऊन हा पाठ मुलांना दाखवावा, अधिकाऱ्यांनी नमुना मागणीपत्रात या बाबी कायम कराव्यात, आणि पंचायत सदस्यांनी टाकी ताब्यात घेण्यापूर्वी त्या विचाराव्यात. लोकांच्या पैशाने घेतलेली वस्तू लोकांच्या पुढच्या पिढीपर्यंत टिकावी, एवढीच यामागील अपेक्षा आहे.