एका रात्रीची मदत आणि उरलेल्या रात्री

(धाराशिव येथे तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला सांगितलं, 'आपा, वीस मिनिटं बोला आणि मुलांना जोश येईल असं बोला.' तुमच्यात जोश भरपूर आहे, ते बाहेरच्या फ्लेक्सवरूनच कळतंय. म्हणून मी आज थोडं हिशेबाचं बोलणार आहे. कंटाळा आला तर हात वर करा, मी थांबणार नाही, पण करा.

रमजानच्या आधी तुम्ही बेघर लोकांसाठी निधी जमवायचा कार्यक्रम घेताय. कव्वाली, खाण्याचे स्टॉल, शेवटी देणगीचं आवाहन. एकाने व्हॉट्सअॅपवर सुचवलं की परदेशात करतात तसं आपणही एक रात्र उघड्यावर झोपू या. ऑस्ट्रेलियात सेंट व्हिन्सेंट द पॉल ही संस्था २००६ पासून हे करते. कंपन्यांचे मोठे साहेब थंडीत एक रात्र बाहेर झोपतात, ओळखीच्यांकडून पैसे गोळा करतात आणि ते बेघरांच्या सेवांना जातात. तिथे ते चालतं, पैसाही चांगला उभा राहतो. पण आपल्या कळंब, वाशी, भूम भागातली माणसं ऊसतोडीला जातात आणि पाच-सहा महिने पाचटाच्या कोपीत काढतात. त्यांच्यासमोर आपण गादीवरून उठून एक रात्र बाहेर झोपलो, तर ते म्हणतील, पोरांना घरातून हाकललं का? ती कल्पना तूर्त राहू द्या.

मी स्वतः बेघर होते. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गावोगाव विसर्जनाला लोक उशिरापर्यंत जागले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. सास्तूरजवळच्या एका लहान गावात आमचं घर होतं. तेव्हा उमरगा तालुका, आता लोहारा. मी नऊ वर्षांची. घर दगड-मातीचं, वर मातीचं जाड माळवद. उन्हाळ्यात थंडगार असायचं म्हणून अब्बांना त्याचा फार अभिमान. तेच माळवद आणि त्याच जाड भिंती माणसांवर आल्या. लातूर आणि आपला जिल्हा मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. आमच्या घरात दादी आणि धाकटा चाचा.

पुढचे कितीतरी महिने आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये होतो. महाराष्ट्रभरातून मदत आली. शहरांत फेऱ्या निघाल्या, शाळांमधून डबे फिरले. ट्रक यायचे. पहिल्या आठवड्यात इतके कपडे आले की लोकांनी ते चिखलात पाय ठेवायला अंथरले. अम्मीला एक जरीचा लग्नातला परकर मिळाला होता. ती कधीतरी अजून त्याच्यावर हसते. पण शेडला दार नव्हतं. अम्मी आणि शेजारची काकू रात्री आळीपाळीने जाग्या राहायच्या. दार द्यायला कुणाचाच ट्रक आला नाही, कारण दार ट्रकमध्ये टाकून फोटो निघत नाही.

मदत करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. त्या रांगेत आमचं नाव विचारून कुणी ताट मागे घेतलं नाही. जैन, लिंगायत, मराठा, मुसलमान, सगळे एकाच रांगेत होते. पण काही लोक आले आणि राहिले, त्यांची गोष्ट वेगळी आहे. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली १,२०० मुलं शिकायला पुण्याला नेली. मूल नेलं म्हणजे त्याचं जेवण, कपडे, वह्या, आजारपण, परीक्षा, सगळं वर्षानुवर्षं आलं. तो खर्च एका फेरीच्या डब्यातून भागत नाही.

सरकारने ५२ गावं नव्या जागेवर वसवली. त्यात घराचं माप जमिनीवर ठरलं. भूमिहीन किंवा एक हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट, त्याच्या वर ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. म्हणजे सगळ्यांचं छप्पर एकाच पहाटे गेलं, पण परत मिळताना ज्याचं जेवढं होतं त्या मापाने मिळालं. आम्हाला २५० मिळालं. आम्ही शुक्रच केला. पण ते माप डोक्यात राहिलं.

आता आपल्या फसलेल्या कार्यक्रमाकडे येते. तीन वर्षांपूर्वी आमच्या गटाने असाच एक कार्यक्रम घेतला. पैसे बरे जमले. त्यातला तिसरा हिस्सा मंडप, साउंड, फ्लेक्स आणि पाहुण्यांच्या शाली-नारळांत गेला. उरलेल्यातून ब्लँकेटं घेतली आणि डिसेंबरात रात्री स्टँड, सिव्हिलचं आवार, दर्ग्याचा परिसर असं फिरून वाटली. फोटो काढले, टाकले, लाइक्स आल्या.

चार दिवसांनी मी सकाळी स्टँडवर गेले. ज्या आजींना ब्लँकेट दिलं होतं त्या जुन्या गोधडीतच बसलेल्या. मला राग आला. विचारलं, 'आजी, ब्लँकेट कुठाय?' त्या म्हणाल्या, 'बाई, त्या आठवड्यात तुमच्यासारखे तिघे येऊन गेले. तीन मिळाली. दिवसा मी मागायला गेल्यावर ती कुठं ठेवू? दोन चोरीला गेली, एक विकलं. तुम्ही ठेवायला जागा द्या, पांघरूण मी बघते.'

त्या जागेवरून मला हलता येईना. नऊ वर्षांच्या मला जे माहीत होतं ते चाळिशीच्या मी विसरले होते. ज्याला घर नाही त्याच्याकडे पहिली गोष्ट नसते ती ठेवायची जागा. आधार कार्ड, औषधाची गोळी, बदलायची साडी, मुलीचा फोन नंबर लिहिलेला कागद, सगळं अंगावर घेऊन फिरायचं. पावसात भिजलं की कागद गेला, कागद गेला की रेशन गेलं.

आणखी एक. त्या फोटोंत एका माणसाने ताट तोंडासमोर धरलंय. आम्हाला वाटलं जेवतोय. तो चेहरा लपवत होता. त्याच्या गावाकडे कुणाला माहीत नसणार तो कसा राहतो ते. आम्ही तो फोटो दोनशे लोकांना दाखवला. तो पुन्हा आमच्या वाटपाला आला नाही.

आता कायद्याचं सांगते, कारण आपण ज्याला खैरात समजतो त्यातलं बरंचसं त्यांचा हक्क आहे. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेघरांच्या निवाऱ्यांबाबत आदेश दिले. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी निवाऱ्याची योजना आली. तिचं माप असं: दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची कायमची सोय, बारा महिने, चोवीस तास. माणशी ५० चौरस फूट. पाणी, संडास, दिवे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची सोय, सामान ठेवायला कपाट. शिवाय रेशन, आधार, बँक खातं मिळवून द्यायला मदत. आजींनी मागितलेली जागा सरकारी कागदावर आहे!

२०११ च्या जनगणनेत धाराशिव शहराची लोकसंख्या एक लाखाच्या थोडी वर होती. म्हणजे आपण त्या मापात बसतो. त्यामुळे तुमच्या कार्यक्रमाचं पहिलं काम स्टेजचं नाही, नगरपरिषदेत लेखी अर्ज देण्याचं आहे. निवारा कुठे आहे, किती खाटा, कोण चालवतं, बायकांसाठी वेगळी सोय आहे का, रात्री बाराला गेलं तर दार उघडतं का. उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करा. सरकारने ज्याचे पैसे द्यायचे तेच आपण वर्गणीतून दिले, तर सरकार सुटतं आणि आपले पैसे संपतात. तुळजापूरचं गणित आणखी वेगळं आहे. गावची लोकसंख्या लाखाच्या जवळपासही नाही, पण नवरात्रात लाखो लोक येतात, आणि यात्रेच्या गर्दीत घरच्यांनी सोडून दिलेली म्हातारी माणसं मी स्वतः तिथे पाहिली आहेत. तिथल्या मुलांशी बोला, त्यांना सोबत घ्या.

मग आपला पैसा कशाला लागतो? जे कुठल्याच योजनेत नीट बसत नाही त्याला. मध्यरात्री सोलापूरला सिव्हिलला न्यायला गाडी. आधारसाठी हेलपाटे मारणाऱ्या कार्यकर्त्याचं भाडं. घरी परत जायला तयार झालेल्या माणसाचं तिकीट आणि त्याच्यासोबत जाणाऱ्याचंही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रात्री थांबणाऱ्या माणसाचा पगार. पगारासाठी कुणी देणगी देत नाही. लोकांना वाटतं आपले पैसे 'थेट गरिबाला' जावेत. पण रात्री अडीचला एखादा माणूस फेफरं येऊन पडला तर ब्लँकेट त्याला उचलत नाही.

इथे आपल्या मुसलमान मुलांसाठी एक खास अडचण आहे. रमजानमध्ये पैसा येतो तो बहुतेक जकातीचा. जकात कुणाला लागू होते याचे आठ वर्ग सूरह तौबामध्ये आहेत. त्यात फकीर आहेत, मिसकीन आहेत, वाटेत अडकलेला मुसाफिरही आहे. पण आपल्याकडच्या बहुतेक हनफी उलेमांचं मत असं की जकात हकदाराच्या मालकीची करून द्यावी लागते. म्हणजे त्यातून इमारतीचं भाडं किंवा रखवालदाराचा पगार देता येत नाही. आणि बहुतेकांच्या मते ती मुसलमान हकदारालाच देता येते. सदका, लिल्लाह यांना ही बंधनं नाहीत. मी आलिमा नाही, तुमच्या मौलानांना विचारून घ्या. पण डबे दोन ठेवा, पावतीपुस्तकं दोन ठेवा आणि देणाऱ्याला आधीच सांगा. निवाऱ्याच्या दारात 'तू कोण' असं आपण विचारणार नाही, तर त्या दारावरचा खर्च कुठल्या डब्यातून होतोय ते आपल्याला माहीत हवं. व्यापारी पेठेत सगळ्या समाजाच्या दुकानांत जा. भूकंपात आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, हे सांगून मागा. मी मागते, आजवर कुणी नुसतं परत पाठवलं नाही. एकाने पैसे नाही दिले, पण चहा पाजला.

कागदाचंही बघा. नोंदणी नसलेल्या गटाने वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात कलम ४१ क आहे, गणेश मंडळं त्याचीच परवानगी काढतात. ती काढा. क्यूआर कोड कुणाच्या स्वतःच्या खात्याचा नको, दोघांच्या सह्यांचं खातं उघडा. आयकराची ८०जी सवलत हवी असणारा देणगीदार असेल तर ती नोंदणी असलेल्या संस्थेकडूनच मिळते, आणि २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीला ती मिळत नाही. आज उत्साहात हे नकोसं वाटतं. सहा महिन्यांनी कुणी विचारलं, 'पैशांचं काय केलं?' तेव्हा आठवेल.

कार्यक्रम करूच नये असं मी म्हणत नाही. गाडगेबाबा काय करत होते? कीर्तन. गावात आले की आधी झाडू, रात्री कीर्तन, आणि लोकांच्या देणग्यांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्वतःसाठी त्यांनी काही ठेवलं नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेकडे सोपवली. दादरला त्यांच्या नावाच्या मिशनची धर्मशाळा आहे, कर्करोगाच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या नातेवाइकांसाठी. आपल्या जिल्ह्यातून टाटा हॉस्पिटलला गेलेल्या घरांना त्या छपराची किंमत विचारा. ज्यांना तिथे जागा मिळत नाही ते परळच्या फूटपाथवर झोपतात. बाबांचं कीर्तन एका रात्रीत संपायचं, धर्मशाळा दुसऱ्या दिवशीही उघडी असायची.

तर तुमच्या कव्वालीच्या रात्री एकदम मोठी रक्कम मागू नका. महिन्याला शंभर रुपये देणारी माणसं मागा. दोनशे माणसं मिळाली तर महिन्याला वीस हजार, वर्षाला दोन लाख चाळीस हजार. त्यात एका माणसाचा पगार आणि थोडा गाडीखर्च निघतो. स्टेजवर पाहुणा एकच, शाल नको. बेघर माणसाला स्टेजवर बोलावून त्याची कहाणी सांगायला लावू नका. त्याला बोलायचं असेल आणि त्याने स्वतः विचारलं, तर माइक द्या. फोटो फक्त आपले काढा, आपण दिसायला वाईट नाही.

अजून एक काम आजच करायचं आहे. ख्वाजा शमसुद्दीन गाझींच्या उरुसात लंगर असतो, तेव्हा उघड्यावर झोपणारा उपाशी राहत नाही. उरुस उठल्यावर ती माणसं कुठे जातात, ते आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? हात वर करा. बघा. म्हणून निधीच्या आधी मोजणी. आज रात्री आपण स्टँड, सिव्हिल, रेल्वे स्टेशन आणि दर्गा अशा चार ठिकाणी जाणार आहोत. प्रत्येक गटात एक मुलगी असेल, कारण बायका मुलांशी बोलणार नाहीत. वही न्या. जागा, अंदाजे वय, एकटे की कुटुंब, आणि एकच प्रश्न: तुम्हाला काय हवंय? उत्तर जसं देतील तसं लिहा, आपल्या शब्दांत नको. झोपलेल्याला उठवायचं नाही. मोबाइल खिशात.

साडेदहाला इथूनच निघू. टॉर्च ज्याच्याकडे आहे त्याने आणा. आणि कुणाकडे जास्तीचं कुलूप लागणारी पेटी असेल तर सांगून ठेवा, आजी अजून स्टँडवरच आहेत.