मॉड बसवावा, पण काढताही यावा



बालाघाट जिल्ह्यातल्या परसवाड्यात एसटीची लाल गाडी पाहायची म्हटलं तर कठीणच. आपल्या मध्य प्रदेशाने स्वतःचं परिवहन महामंडळ मोडायचं 2005 मध्येच ठरवलं, आणि महाराष्ट्राची लालपरी पाहायला गोंदियाकडे उतरावं लागतं. पण इथल्याच एखाद्या पोराचा मोबाइल घेऊन बघा. त्यात लालपरी धावत असते, तीही इंडोनेशियातल्या रस्त्यांवर! खेळाचं नाव 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया'. तिकडच्या मालेओ या कंपनीने तो 2017 मध्ये काढला. एसटी त्यात कंपनीने घातलेली नाही, हौशी पोरांनी रंगवून घातली. खेळणाऱ्यांनीच खेळात केलेल्या अशा भरीला मॉड म्हणतात.

मॉड करणाऱ्याचं कौतुक सगळेच करतात. मला आज बोलायचं आहे ते मॉड बसवून देणाऱ्या साधनांबद्दल. हीसुद्धा बहुतेक चाहत्यांनीच, आपल्या वेळात, फुकट तयार केलेली असतात.

आधी खेळाची रचना समजून घेऊ. खेळात दोन गोष्टी असतात : खेळ चालवणारं यंत्र, आणि त्या यंत्राने वाचायची सामग्री, म्हणजे चित्रं, आवाज, नकाशे, गाड्या. 1993 च्या 'डूम' या खेळात ही सामग्री मुद्दाम वेगळ्या फाइलीत ठेवली होती. पुढच्याच वर्षी चाहत्यांनी नकाशे बदलायची साधनं बनवली. तिथून ही परंपरा फोफावली. ती इतकी, की 'काउंटर-स्ट्राइक' हा जगभर गाजलेला खेळ 1999 मध्ये दुसऱ्या एका खेळाचा मॉड म्हणूनच जन्मला.

आपल्याकडे ज्यांनी सायबर कॅफेत दुपारी घालवल्या, त्यांना 'सॅन अँड्रियास' हा खेळ आठवत असेल. ॲम्बेसेडर गाडी, ऑटोरिक्षा, हिंदी पाट्या, सगळं त्यात घुसवलेलं असायचं. पण कसं? खेळाच्या शेकडो एमबींच्या एका मोठ्या फाइलीत हात घालून मूळ गाडी काढायची आणि तिच्या जागी आपली ठेवायची. जमलं तर ठीक. नाही जमलं तर खेळ सुरूच व्हायचा नाही, आणि मूळ गाडी तर पुसलेली! मग खेळ पहिल्यापासून पुन्हा टाका.

या दुखण्यावर 'मॉड लोडर' नावाचं साधन आलं. 'लिंक/2012' अशा टोपणनावाने वावरणाऱ्या एका प्रोग्रामरने ते लिहिलं आणि त्याचा कोडही सगळ्यांना खुला ठेवला. त्याची युक्ती साधी आहे. मॉडच्या फाइली एका वेगळ्या फोल्डरात टाकायच्या. खेळ चालू होऊन गाडीची फाइल मागू लागला, की साधन त्याला मूळ फाइलीऐवजी आपल्या फोल्डरातली देतं. मूळ फाइलीला हात लागत नाही. आपल्या झाडीपट्टीत शंकरपटाच्या वेळी नाटक उभं राहतं, तेव्हा राजवाड्याचा पडदा टांगतात. राजवाडा हवा म्हणून कुणी भिंत रंगवत नाही. तसंच हे. फोल्डर काढला की खेळ होता तसा.

माझं मत विचाराल तर या साधनांची खरी परीक्षा इथेच होते. बसवणं कुणालाही जमतं. बसवलेलं काढून खेळ पूर्ववत करता येतो का, हे बघावं. 'स्कायरिम' हा 2011 चा खेळ. त्याला लोक शेकड्यांनी मॉड लावतात, आणि दोन मॉड एकाच वस्तूवर हक्क सांगू लागले की भांडण होतं. 'मॉड ऑर्गनायझर' हे साधन प्रत्येक मॉड वेगळा ठेवतं, कोणता कोणावर वरचढ हे आपल्याला ठरवू देतं आणि कुणी कुणाची फाइल झाकली तेही दाखवतं. हिशेब इतका चोख, की आपल्या पटवाऱ्याने शिकून घ्यावा.

मूळ कंपन्यांना हे आवडतं का? कधी हो, कधी नाही. 'जीटीए 5'ला मॉड लावण्यासाठी 'ओपनआयव्ही' नावाचं चाहत्यांचंच साधन आहे. जून 2017 मध्ये टेक-टू या मालक कंपनीने त्याला वकिलाची नोटीस धाडली, आणि बनवणाऱ्यांनी ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. खेळाडू खवळले. खेळ जिथे विकला जातो त्या स्टीमवर नापसंतीच्या शेऱ्यांचा पाऊस पडला. महिना संपायच्या आत कंपनी नरमली : एकट्याने खेळायचे, पैसे न मिळवणारे मॉड असतील तर साधारणपणे आमची हरकत नाही. साधन पुन्हा सुरू झालं.

आता आपल्या मोबाइलकडे येऊ, कारण परसवाडा-बैहरकडे संगणकापेक्षा मोबाइलच जास्त. बसच्या खेळात कंपनीनेच मॉडसाठी दार ठेवलं आहे; फाइल ठरलेल्या फोल्डरात टाकली की गाडी गॅरेजात दिसते. पण 'मॉड एपीके' या नावाने जे फिरतं, फुकट नाणी, सगळ्या गाड्या खुल्या, ते प्रकरण निराळं. तिथे आख्खं ॲपच कुणीतरी उघडून, फेरफार करून पुन्हा बांधलेलं असतं. आत काय घातलंय ते त्यालाच ठाऊक. खेळाला तुमचे एसएमएस वाचायची परवानगी कशाला हवी? ज्या फोनवर बँकेचे ओटीपी येतात, त्यात असलं काही टाकू देऊ नका. आणि दुसऱ्याने केलेल्या गाडीवरचं त्याचं नाव पुसून ती ग्रुपवर विकणारेही आहेत. तीही चोरीच.

एक गोष्ट मात्र मनापासून सुचवावीशी वाटते. 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा खेळ एरिक बॅरोन या एकट्या माणसाने बनवला, 2016 मध्ये तो बाजारात आला. त्यात धानही आहे. पाण्याजवळ लावलं तर ते लवकर तयार होतं, हे आपल्या शेतकऱ्याला पटेल. पण ते लावायचं वसंतात! इथे मान्य होईल का? संगणकावर या खेळासाठी 'स्मापी' हे चाहत्यांनी केलेलं खुलं साधन आहे. त्याच्या जोडीला 'कंटेंट पॅचर' घेतलं, की साध्या मजकुराच्या फाइली लिहून पिकं, ऋतू, संवाद बदलता येतात. 2021 च्या सुधारणेपासून नवी भाषाही घालता येते. कंपनीने दिलेल्या भाषांत मराठी नाही, हिंदीही नाही. त्याच 2021 मध्ये आपल्या बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालं. मग पावसाळ्यात रोवणी, बांधीत चिन्नोर, मंडईचा दिवस आणि मराठी बोलणारं गाव, असा मॉड कुणी का करू नये?

कॉलेजातल्या पोरांनो, हात घालायचा असेल तर आधी आपल्या सेव्ह फाइलीची एक प्रत बाजूला ठेवा, एका वेळी एकच बदल करा आणि तो काढून पाहा. काही तयार झालं तर आमच्या रेडिओ केंद्राच्या पत्त्यावर पत्र टाका.