खिशांतील चिटणीस



ज्या वस्तूविषयीं मी आज बोलणार आहें, ती आतां दुकानांत सहसा दिसत नाहीं. चष्म्याच्या घराएवढें एक यंत्र, उघडलें म्हणजे एका बाजूस कांचेची पट्टी व दुसऱ्या बाजूस बारीक बटणांच्या ओळी. आपल्याकडे त्यास 'डिजिटल डायरी' म्हणत. नांवें, पत्ते, दूरध्वनीचे क्रमांक, भेटीच्या वेळा, उसनवारीचे आंकडे, जें जें म्हणून मनुष्य विसरतो, तें तें त्याच्या स्वाधीन करावें व हवें तेव्हां बटण दाबून परत मागावें, एवढाच त्याचा उपयोग. विसाव्या शतकाच्या अखेरच्या पंधरा वर्षांत वकील, डॉक्टर, विम्याचे प्रतिनिधी यांच्या खिशांत तें दिसूं लागलें, आणि पुढें मोबाइलनें त्यास गिळून टाकलें.

मग गेलेल्या वस्तूचें पुराण आज कशाला, असें कोणी विचारील. वस्तु गेली, पण तिनें लावलेली सवय राहिली आहे. आपलें स्मरण खिशांतील यंत्राच्या हवालीं करून निश्चिंत होण्याची ती सवय आज घरोघरीं आहे. तिचे गुणदोष त्या लहानशा, साध्या यंत्रांत स्वच्छ दिसत असत. मोबाइलच्या गर्दींत ते दिसेनासे झाले आहेत, इतकेंच.

पूर्वीं मोठ्या माणसाजवळ चिटणीस असे. शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी हें नांव आपण शाळेंत शिकलेलों असतों. पत्रें लिहावीं, आलेलीं जपून ठेवावीं, कोणास काय शब्द दिला याची धन्यास आठवण द्यावी, हें चिटणिसाचें काम. सामान्य गृहस्थास असा मनुष्य ठेवणें कोठून परवडणार? त्याचा चिटणीस म्हणजे सदऱ्याच्या खिशांतील चोपडी, नाहींतर उपरण्याच्या टोकास मारलेली गांठ!

हा चिटणीस यंत्ररूपानें सर्वांस मिळावा, ही कल्पना परदेशांतील कारागिरांनीं मनावर घेतली. इंग्लंडांतील सायऑन कंपनीनें १९८४ सालीं आपलें 'ऑर्गनायझर' विकावयास काढलें. अमेरिकेंतील ॲपल कंपनीचें 'न्यूटन' १९९३ सालीं आलें. तें माणसाचें हस्ताक्षर वाचील अशी प्रतिज्ञा होती, परंतु वाचण्यांत तें इतकें चुके कीं वर्तमानपत्रांतील व्यंगचित्रकारांस एक नवा विषय मिळाला. १९९८ सालीं तें बंद पडलें. त्यापूर्वींच, १९९६ सालीं, 'पायलट' हें यंत्र निघालें होतें. त्याचे कल्पक जेफ हॉकिन्स यांनीं यंत्र घडविण्याच्या आधीं त्याच मापाचा एक लांकडी ठोकळा खिशांत बाळगला होता. कोणी भेटीची वेळ ठरवूं लागलें म्हणजे ते ठोकळा काढीत व त्यावर लिहिल्यासारखें करीत. अशी वस्तु माणूस नित्य जवळ बाळगील कीं नाहीं, याची ती परीक्षा होती.

पायलटची दुसरी गोष्ट शिक्षकाच्या मनास अधिक भिडणारी आहे. यंत्रास माणसाचें अक्षर नीट वाचतां येत नाहीं, तर माणसानेंच यंत्राचें अक्षर गिरवावें, असा मार्ग त्याच्या कर्त्यांनीं काढला. 'ग्राफिटी' नांवाची ती लिपि इंग्रजी अक्षरांचींच सोपीं रूपें घेऊन बनविलेली होती. 'ए' काढतांना मधली आडवी दांडी द्यावयाची नाहीं, अशा तऱ्हेची. लाखो प्रौढ माणसें पुन्हां मुळाक्षरांवर बसलीं आणि थोड्या दिवसांत पासही झालीं. यंत्र माणसाची सेवा करतें हें खरें, पण सेवेच्या मोबदल्यांत तें माणसास आपल्या वळणावर नेतें, हेंही तितकेंच खरें.

माझ्या हातीं १९९८ च्या सुमारास जें यंत्र आलें तें पायलट नव्हे, साधी डायरी. सुमारें सात वर्षें मीं ती नित्य वापरली. मी धाराशिव जिल्ह्यांतील वाशीचा. त्या काळीं जिल्ह्यास उस्मानाबाद म्हणत. त्या डायरीची साठवण बत्तीस किलोबाइटची होती. म्हणजे सुमारें बत्तीस हजार अक्षरें, छापील पुस्तकाचीं पंधरा-वीस पानें. एवढ्या जागेंत एका शिक्षकाचें जग सहज मावे. केंद्रांतील शाळा, अधिकाऱ्यांचे क्रमांक, बैठकीच्या तारखा, पगारांतून होणाऱ्या कपाती, हें सारें त्यांत असे. पहिलीं दोन अक्षरें दाबतांच हवें तें नांव पुढें येई. बैठकीच्या दिवशीं सकाळीं तें टिकटिक करून जागें करी. वहींतील खाडाखोड त्यांत नव्हती, आणि बदललेला क्रमांक जुन्याच्या जागीं स्वच्छ बसे. इतकें सुख मान्य केलेंच पाहिजे.

परंतु हें यंत्र आमच्या जगासाठीं घडविलेलें नव्हतें, याचा प्रत्यय पदोपदीं येई. त्या काळीं वाशीसारख्या गांवांत दूरध्वनी थोड्या घरीं असे. ज्याच्या घरीं नसे, तो शेजाऱ्याचा किंवा दुकानदाराचा क्रमांक देई व पुढें 'पी. पी.' अशीं दोन अक्षरें लिही. त्याचा अर्थ, या क्रमांकावर निरोप द्या, अमक्यास बोलावून आणतील. यंत्रांत नांवाचा रकाना होता, क्रमांकाचा होता, पत्त्याचा होता. 'कोणाच्या मार्फत' याचा रकाना नव्हता. प्रत्येक माणसास स्वतंत्र दूरध्वनी असतो, असें त्याच्या कर्त्यांनीं गृहीत धरलेलें होतें.

दुसरी अडचण लिपीची. सर्व लेखन रोमन अक्षरांत. काळे आणि काले एकाच रूपांत येत. मूळ नांव कोणतें तें लिहिणाऱ्याच्या स्मरणांतच राही, म्हणजे जें स्मरण यंत्रास द्यावयाचें तेंच पुन्हां आपल्या डोक्यांत बाळगावें लागे. आमच्या शेजारचें कळंब कोणी 'कलंब' लिही, कोणी 'कल्लम'. खुद्द वाशी इंग्रजींत दोन तऱ्हांनीं लिहितात, आणि नव्या मुंबईंतील वाशीशीं तिचा घोटाळा होतो तो निराळाच.

तिसरी अडचण कालगणनेची. यंत्रास इंग्रजी तारखा ठाऊक, तिथि ठाऊक नाहीं. येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा चैत्री पौर्णिमेस भरते. ती दरसाल निराळ्या तारखेस येते. वडिलांचें श्राद्धही तिथीसच. म्हणून खिशांत डायरी असूनही खिळ्यावरचें कालनिर्णय हललें नाहीं. १९७३ पासून महाराष्ट्रांतील घराघरांत टांगलेल्या त्या दिनदर्शिकेकडे एकवार नीट पाहावें. दूध किती आलें, गॅसची टाकी कधीं लावली, मुलाची परीक्षा कोणत्या दिवशीं, हें सारें त्या चौकोनांत लिहिलेलें असतें. लिहितें एक माणूस, वाचतें सारें घर. माझ्या खिशांतील चिटणीस कितीही चलाख असला, तरी तो एकट्या माझ्याशींच बोले. भिंतीवरचा चिटणीस मात्र घराचा होता.

आणि त्या चलाख चिटणिसाचा जीव तरी केवढा? त्याचें सारें स्मरण विजेच्या अखंड धारेवर टिकून असे. त्यासाठीं मुख्य सेल व त्याच्या पाठीशीं एक बारीक राखीव सेल, अशी योजना होती. दोन्ही संपले म्हणजे स्मरण पुसलें जाई. माझ्या एका स्नेह्यांची डायरी उन्हाळ्याच्या सुटींत कपाटांत पडून राहिली. जूनमध्यें उघडून पाहतात, तों पाटी कोरी! वही भिजली तर पानें वाळवतां येतात, अर्धीं तरी वाचतां येतात. येथें अर्धें म्हणून कांहीं उरतच नाहीं. पायलटच्या कर्त्यांनीं हें ओळखून एका बटणासरशीं यंत्रांतील मजकुराची प्रत घरच्या संगणकांत उतरण्याची सोय केली होती. त्या यंत्राच्या यशांत या सोयीचा वांटा मोठा आहे. पण घरीं संगणक असला तर! आमच्या गांवीं तेव्हां तो किती घरांत होता?

आपल्या देशांत या अडचणींचा विचार झालाच नाहीं, असें मात्र कोणी समजूं नये. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९८८ पासून देवनागरी संगणकावर आणण्याचें मोठें काम केलें. बंगळूर येथें भारतीय विज्ञान संस्थेंतील प्राध्यापक आणि एन्कोर कंपनीचे तज्ज्ञ यांनीं मिळून 'सिम्प्युटर' नांवाचें हातांत मावणारें यंत्र रचलें व २००१ सालीं तें लोकांपुढें मांडलें. साधें, स्वस्त आणि अनेक भाषांचें, असा त्याचा संकल्प; किंमत नऊ हजार रुपयांच्या आसपास असावी, अशी अपेक्षा. त्यांतील एक कल्पना मला फार मोलाची वाटते. यंत्र साऱ्या गांवांत एक असावें व प्रत्येकाजवळ आपापलें लहानसें कार्ड असावें. कार्ड घातलें कीं यंत्र त्या माणसाचें होई, काढून घेतलें कीं तें दुसऱ्यास मोकळें. 'पी. पी.' लिहिणाऱ्या समाजाची नाडी या मंडळींस सांपडली होती! २००४ सालीं भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साह्यानें 'अमिडा सिम्प्युटर' बाजारांत आला, पण तोंवर मोबाइल स्वस्त होऊं लागला होता. सिम्प्युटर थोडेच खपले. यंत्र मागें पडलें. त्यामागील विचार मागें पडावयास नको होता.

आतां मराठवाड्याकडे वळूं. आमचा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता; सरकारी दप्तर उर्दूंत चाले, जुने कागद मोडींत. २०२३ सालीं कुणबी नोंदींचा शोध करण्यासाठीं शासनानें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली, आणि मराठवाड्यांतील तालुक्या-तालुक्यांत जुनीं दप्तरें उघडलीं गेलीं. त्या प्रश्नाच्या राजकारणांत मला येथें शिरावयाचें नाहीं. मला दिसलें तें इतकेंच: कोणा कारकुनानें पाऊणशें-शंभर वर्षांपूर्वीं बोरूनें लिहिलेली एक ओळ आज त्याच्या नांवगांवाची ओळख नसलेल्या माणसाचें भवितव्य ठरवूं पाहत होती. मोडी आणि उर्दू वाचणारे थोडे उरले होते. तरी ते शोधून आणतां आले, आणि कागद बोलला. उलट १९९८ सालची माझी डायरी आज कोणापुढें ठेवली, तर कोणता मोडी-वाचक तिचें तोंड उघडील?

येथें मला जें सांगावयाचें आहे तें येतें. टिपणाची किंमत लिहिणाऱ्याच्या सोयीवरून करूं नये. लिहिणाऱ्याच्या पश्चात् तें किती जणांस वाचतां येईल, यावरून करावी. जें आपल्यावांचून कोणासच वाचतां येत नाहीं, तें टिपण अपुरें होय.

हा नुसता तत्त्वाचा प्रश्न नाहीं, संसाराचा आहे. आमच्या परिचयाचे एक निवृत्त गृहस्थ अकस्मात् गेले. सारा व्यवहार त्यांच्या मोबाइलमध्यें, आणि मोबाइलचा सांकेतिक अंक त्यांच्याबरोबर गेला. कोणत्या बँकेंत ठेव आहे, विम्याचा हप्ता कधीं भरावयाचा, कोणाकडून किती येणें आहे, यांतील कांहींएक पत्नीस ठाऊक नव्हतें. शेवटीं उपयोगीं पडली ती त्यांची पंधरा वर्षांपूर्वींची एक शाळेची वही. तींत ठेवींच्या जुन्या पावत्यांचे क्रमांक त्यांच्या सुबक अक्षरांत होते, आणि त्या धाग्यावरून पुढचा शोध लागला. असे प्रसंग विरळा नाहींत. बँकांत दहा वर्षें कोणी न मागितलेल्या ठेवींचा शोध घेतां यावा म्हणून रिझर्व्ह बँकेनें ऑगस्ट २०२३ मध्यें 'उद्गम' नांवाचें संकेतस्थळच उघडलें. तेथें खातेदाराचें नांव आणि पॅन, मतदार ओळखपत्र, जन्मतारीख यांसारखी एखादी खूण द्यावी लागते. म्हणजे सरकारी शोधासही घरांत एक लिहिलेला कागद हवाच!

यंत्र टाकून द्या, असें मी म्हणणार नाहीं. आजच्या मोबाइलमध्यें देवनागरी लिहितां येते, काळे आणि काले निरनिराळे राहतात, पंचांगही सांपडतें. माझ्या डायरीच्या निम्म्याहून अधिक तक्रारी त्यानें मिटविल्या आहेत. मात्र तीन गोष्टी प्रत्येक घरानें कराव्या. पहिली, नांवें आपल्या भाषेंत व पूर्ण लिहावीं. नुसतें 'काका' किंवा 'साहेब' लिहूं नये, कारण आपले काका दुसऱ्या वाचणाऱ्याचे काका नसतात. दुसरी, वर्षांतून एकदां, दिवाळीच्या आंतबाहेर जमाखर्च पाहतो त्या वेळीं, महत्त्वाच्या व्यवहारांची यादी कागदावर शाईनें उतरून काढावी. तिसरी, ती यादी कोठें ठेवली आहे हें घरांतील निदान दोन माणसांस ठाऊक असावें, आणि त्यांतील एक घरची गृहिणी असावी.

जुन्या चिटणिसाचा खरा गुण त्याच्या पाठांतरांत नव्हता. तो गेला तरी त्याच्या दप्तराचा रुमाल सोडून दुसऱ्या चिटणिसास दुसऱ्या दिवशीं काम पुढें चालवितां येई, हा त्याचा गुण. आपल्या खिशांतील यंत्राकडून आपण एवढी एक अपेक्षा ठेवावी, आणि तें ती पुरी करीत नसेल, तर उरलेलें काम चार आण्यांच्या शाईनें करून टाकावें.