वाहनातील मोठी गॅस टाकी : सोय आणि सुरक्षितता



ठाण्याची खाडी आणि पारसिकचा डोंगर यांच्यामध्ये वसलेल्या कळव्यातून रोज असंख्य लहान वाहने ये-जा करतात. कोणी खाडीपूल ओलांडून ठाण्यास जातो, कोणी मुंब्र्यावरून कल्याण-डोंबिवली गाठतो. मुलांना शाळेत पोहोचविणाऱ्या गाड्याही त्यांत आल्याच. पेट्रोलची गाडी एल.पी.जी. वायूवर चालविण्याजोगी करून घेतलेल्या चालकाच्या मनात पुढे एक विचार हमखास येतो, तो म्हणजे याहून मोठी टाकी बसविण्याचा.

हा विचार अकारण नाही. एक लिटर द्रवरूप वायूत एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे पाव हिस्सा ऊर्जा कमी असते. साहजिकच तेवढ्याच लिटरमध्ये गाडी कमी अंतर जाते. त्यात वायूचा पंप दूर असला की दिवसाच्या कमाईतला मोलाचा वेळ रांगेत जातो. तेव्हा मोठ्या टाकीची इच्छा बाळगण्यात काही गैर नाही. मात्र ती टाकी कोणती, कोठे आणि कोणाकडून बसविली जाते, यावर आत बसणाऱ्यांचे प्राण अवलंबून असतात.

प्रथम टाकीच्या मापाविषयी. टाकीवर लिहिलेल्या लिटरइतका वायू तीत कधीच भरावयाचा नसतो. द्रवरूप वायू उष्णतेने पाण्याच्या कित्येक पट अधिक प्रसरण पावतो. टाकी काठोकाठ भरून गाडी उन्हात उभी राहिली, तर आतील द्रवास फुगण्यास जागाच उरत नाही. यास्तव टाकी ८० टक्केच भरतात, व त्या पातळीस भरणे आपोआप थांबविणारी झडप तीत बसविलेली असते. म्हणजे ३० लिटरच्या टाकीत २४ लिटर, अंदाजे १३ किलो वायू मावतो, तर ६० लिटरच्या टाकीत ४८ लिटर, अंदाजे २६ किलो. टाकी दुप्पट केली की वायूचे ओझे १३ किलोंनी वाढते. पोलादाचे वजन वेगळेच. हे सारे ओझे बहुधा मागील चाकांवर पडते. साध्या पत्र्यावर चार बोल्ट आवळून ते पेलत नाही. आघात झाला तरी टाकी जागची हलू नये, असे तिचे पट्टे व आधार गाडीच्या मूळ सांगाड्यास जखडलेले असावे लागतात.

दुसरी गोष्ट वायूच्या स्वभावाची. हा वायू हवेपेक्षा जड आहे. गळती झाली तर तो वर न जाता डिकीत, आसनाखाली, गटारात साचतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे २ टक्के झाले तरी एक ठिणगी पुरते. म्हणून डिकीतील टाकीच्या झडपांभोवती वायुबंद पेटी व त्या पेटीतून गाडीबाहेर निघणारी नळी असावी लागते. मोठी टाकी दाटीवाटीने बसविताना ही नळी दबली किंवा काढून टाकली गेली, तर सोय म्हणून केलेला बदल संकटास निमंत्रण ठरतो.

याहून घातक प्रकार म्हणजे स्वयंपाकाचा सिलिंडर गाडीत ठेवणे. त्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो वायू असतो व तो उभा ठेवून वरचा वायू वापरण्यासाठी तो बनविलेला असतो. वाहनाच्या टाकीतून मात्र द्रव बाहेर पडतो आणि इंजिनाच्या गरम पाण्याच्या साहाय्याने त्याची वाफ केली जाते. घरगुती सिलिंडरला भरणे आपोआप थांबविणारी झडप नसते, की रस्त्यावरील धडक सोसण्याजोगी बैठक नसते.

भारतात वाहनांसाठी या वायूच्या वापरास कायद्याचे अधिष्ठान मिळाले ते मोटार वाहन कायद्यातील २००० सालच्या दुरुस्तीने. पाठोपाठ २००१ साली वाहनांतील वापराचे नियमन करणारा केंद्रीय आदेश निघाला. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये इंधन बदलण्यासाठी मान्यताप्राप्त किट बसविता येते. परंतु झालेल्या बदलाची माहिती १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्यास देऊन नोंदणी पुस्तकात तशी नोंद करून घ्यावी लागते. कळव्याच्या वाहनधारकास त्यासाठी ठाण्याच्या, तर कल्याण-डोंबिवलीकरास कल्याणच्या परिवहन कार्यालयात जावे लागते. नवी टाकी बसविलेल्या किटच्या मान्यतेत बसते की नाही, हे फिटरने कागदानिशी दाखवावे. टाकीवर कोरलेला क्रमांक व चाचणीची तारीख मालकाने स्वतः वाचून पाहावी. जुन्या बाजारातील, तारीख खरवडलेली टाकी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

येथे शिक्षक व पंचायत सदस्य यांचे कर्तव्य सुरू होते. महाराष्ट्रात २०११ साली शालेय बसविषयक नियम झाले व शाळाशाळांतून परिवहन समितीची तरतूद झाली. समितीने चालकाचा परवाना व आसनांची संख्या पाहावी, त्याचबरोबर गाडी वायूवर चालत असल्यास नोंदणी पुस्तकातील नोंद व टाकीवरील तारीखही पाहावी. मुलांच्या पायाखाली सिलिंडर दिसला, तर ती गाडी त्याच दिवशी थांबवावी. पालकसभेत व ग्रामसभेत एवढे तरी सर्वांस सांगितले जावे : गाडीत वायूचा उग्र वास आला की इंजिन बंद करावे, मुलांना उतरवून दूर न्यावे, टाकीची झडप बंद करावी आणि काडी ओढू नये वा दिव्याचे बटण दाबू नये.

चालक हा कष्टाने पोट भरणारा माणूस आहे. त्यास दटावण्याने काही साधत नाही. मान्य टाकीस आज चार पैसे अधिक पडतात हे खरे. परंतु अपघातानंतर कागद तपासले जातात तेव्हा नोंद नसलेल्या टाकीची सारी जबाबदारी त्याच्याच माथी येते, हे त्यास शांतपणे पटवून द्यावे. टाकी मोठी असावी की लहान, हे ज्याचे त्याने ठरवावे. ती निर्दोष व नोंदलेली असावी, याबाबत मात्र कोणासही सवलत असू नये. खाडीपुलावरून रोज जाणाऱ्या मुलांचे सुखरूप घरी परतणे हेच या सर्व नियमांचे प्रयोजन होय.