मनातला करार आणि कागदावरचा करार



वैद्यकाचा व्यवसाय करणाऱ्याने नोकरीच्या करारावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु आखातातील कष्टकरी आणि नोकरदार अनेक वर्षे आमच्यासमोर तपासणीसाठी बसत आले आहेत. झोप लागत नाही, पित्त उसळते, पाठ धरते, रक्तदाब वाढला आहे, अशा तक्रारी घेऊन ते येतात. औषध लिहून झाल्यावर कामाची चौकशी करावी, तर पुष्कळदा एकच उत्तर मिळते, "सांगितले होते एक आणि निघाले दुसरेच." श्रमाची कुरकूर ते फारशी करीत नाहीत, कारण श्रमाची आपल्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. त्याला खुपतो तो मोडलेला शब्द. या मोडलेल्या शब्दाचा माणसाच्या कामातील मनाशी काय संबंध आहे, एवढाच आजचा विषय आहे.

ख्रिस आर्गिरिस या अमेरिकन अभ्यासकाने १९६० साली 'मानसिक करार' ही कल्पना मांडली आणि १९८९ मध्ये डेनिस रूसो यांनी तिला आजचा अर्थ दिला. नोकरीचा एक करार कागदावर असतो. दुसरा करार नोकराच्या मनात असतो. मी इमानाने राबेन, त्या बदल्यात मला बढती मिळेल, अडचणीला रजा मिळेल, माझा मान राखला जाईल, अशी त्याची समजूत असते. ही समजूत कधी मुलाखतीतील एखाद्या वाक्यातून झालेली असते, कधी गावाकडच्या एजंटाच्या बोलण्यातून. पुष्कळदा कंपनीला तिची वार्ताही नसते. तथापि ती मोडली की दुःख मात्र विश्वासघाताचेच होते.

कामात मन असणे म्हणजे काय, याचाही शास्त्रज्ञांनी विचार केला आहे. २००२ साली विल्मार शौफेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची तीन लक्षणे सांगितली : जोम, समर्पणभाव आणि तल्लीनता. त्याआधी २००१ मध्ये एव्हांगेलिया डेमेरूती, आर्नोल्ड बाकर प्रभृतींनी प्रत्येक नोकरीचे दोन भाग पाडले होते. एक भाग कामाच्या मागण्यांचा. त्यात उष्मा, घाई, लांबलेले तास हे सारे आले. दुसरा भाग कामाच्या साधनांचा. साधने म्हणजे केवळ हत्यारे नव्हेत. वरिष्ठांचा आधार, शिकण्याची संधी, स्वतःच्या कामावर थोडाबहुत ताबा, केल्या कामाची दखल, ही सारी साधनेच होत. मागण्या वाढत गेल्या आणि साधने अपुरी पडली की माणूस झिजतो. साधने असली की तोच माणूस कठीण कामातही रमतो. मायकेल मार्मट यांनी ब्रिटिश सरकारी नोकरांचा दीर्घ अभ्यास केला, तेव्हा कामावर ताबा कमी असलेल्यांत हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली कामाने येणारी ही झीज व्यवसायाशी निगडित बाब म्हणून आपल्या वर्गीकरणात नोंदविली. तेव्हा हा विषय दवाखान्याबाहेरचा नाही.

आपल्याला हे शास्त्र नव्याने शिकावे लागत नाही, कारण आपल्या पूर्वजांनी ते भोगले आहे. मुंबईच्या कापड गिरण्या आठवा. विणकाम खात्यात पगार अधिक होता. परंतु धोट्यात नवी कांडी घालताना धागा तोंडाने ओढावा लागे, या सबबीखाली आपल्या माणसांना त्या खात्याचे दार बंद होते. कमी पगाराच्या खात्यांत त्यांनी कितीही मन लावून काम केले असते, तरी शिकण्याची आणि वर चढण्याची वाट नव्हती. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमका हाच प्रश्न पुढे आणला. संधीच नाकारलेल्या माणसाला आळशी ठरविणे सोपे असते.

मनातल्या कराराचा इतिहास तर याहून जुना आहे. महार वतन हा कामाचाच एक करार होता. त्यात तास ठरलेले नव्हते, कामे ठरलेली नव्हती, मोबदला बलुत्याच्या आणि गावाच्या मर्जीवर होता. वतनदार घरी नसला तर घरातल्या दुसऱ्या माणसाने हजर व्हायचे. आणि या साऱ्याला नाव होते परंपरागत हक्काचे! बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. शेवटी ही कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने संपली. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य होते. कारखान्यांतील कामाचा आठवडा १९४६ च्या दुरुस्तीने ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. तास, मोबदला आणि सुटी ही मालकाच्या दयेवर न सोडता कायद्याच्या अक्षरांत बांधावीत, ही त्या कामामागील दृष्टी होती.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे की मनातला करार कागदावरच्या करारावर उभा असेल तरच तो माणसाला बळ देतो. नुसता मनातला करार हे वतनच होय, मग ते वातानुकूलित कचेरीत का असेना. "आपण सगळे एका कुटुंबासारखे आहोत" हे वाक्य मालकाने उच्चारले की आपले भोळे मन लगेच विरघळते. अशा वेळी आपण नम्रपणे म्हणावे, "साहेब, तेवढे लिहून द्या."

या देशात लिहून घेण्यास आज आधार आहे. नव्या श्रम कायद्याची, म्हणजे २०२१ च्या ३३ क्रमांकाच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी २ फेब्रुवारी २०२२ पासून सुरू झाली. परीक्षणकाळ सहा महिन्यांहून अधिक असू शकत नाही. मालकाला नोकराचा पासपोर्ट अडकवून ठेवता येत नाही. वेतन बँकेमार्फत देण्याची पद्धत २००९ पासून आहे. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचे काम बंद असते. ऑफर लेटर अरबी व इंग्रजीबरोबर कामगाराला समजणाऱ्या तिसऱ्या भाषेतही मिळते, आणि हिंदी त्यांपैकी एक आहे. ते न वाचता सही करणारा माणूस दिसला की आम्हांस वाईट वाटते.

एक बाब विशेष ध्यानात घ्यावी. ग्रॅच्युइटी एकूण पगारावर मिळत नाही, ती बेसिकवर मिळते. एक वर्ष सेवा झाल्यावर, पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे आणि पुढे दरवर्षी ३० दिवसांचे बेसिक वेतन धरतात. २०२३ पासून सुरू झालेल्या बेकारी विम्याची भरपाईही बेसिकच्या ६० टक्के, कमाल मर्यादेच्या आत, तीन महिन्यांपर्यंत असते. तेव्हा भत्ते फुगवून बेसिक लहान ठेवलेले पत्र हाती आले, तर त्याचा अर्थ पहिल्याच दिवशी समजून घ्यावा. दुबई व अबुधाबीतील आर्थिक मुक्त क्षेत्रांचे नियम निराळे आहेत, हेही लक्षात असू द्यावे.

इथवर आपण घेणाऱ्याच्या बाजूने बोललो. परंतु या सभागृहातील कित्येकजण आज फोरमन आहेत, इंजिनिअर आहेत, विभागप्रमुख आहेत. त्यांच्या हाताखाली नेपाळी, बंगाली, बिहारी, मल्याळी माणसे राबतात. कंपनीचा शब्द त्या माणसांपर्यंत पोहोचतो तो आपल्याच तोंडून. "पुढच्या वर्षी बघू" असे आपण सहज म्हणतो, आणि तो माणूस त्या वाक्यावर गावाकडे घराचा पाया खणतो. जे देणे आपल्या हाती नाही ते कबूल करू नये. जे हाती आहे, म्हणजे काम शिकविणे, नावाने हाक मारणे, चांगल्या कामाबद्दल चारचौघांत दोन शब्द बोलणे, ते मात्र राखून ठेवू नये. या साधनांना कंपनीचे एक दिरहमही लागत नाही.

आणि आपल्या घरात काम करणारी बाई? २०२२ च्या ९ क्रमांकाच्या कायद्याने तिला आठवड्याला एक सुटी आणि वर्षाला ३० दिवसांची भरपगारी रजा दिली आहे. तिची कागदपत्रे तिच्याजवळच राहिली पाहिजेत. "ती आमच्या घरचीच आहे" असे म्हणून तिची सुटी बुडवीत असू, तर गावकीची जुनी भाषा आपल्याच ओठांवर आली आहे, असे समजावे. वतन ज्यांनी भोगले त्यांच्या नातवंडांच्या घरात दुसऱ्याचे वतन निर्माण होता कामा नये.

आज रात्री घरी गेल्यावर प्रत्येकाने दोन कागद बाहेर काढावेत, अशी आमची विनंती आहे. एक आपल्या नोकरीचा करार आणि दुसरा आपण ज्यांना कामाला ठेवले आहे त्यांचा. पहिल्यात आपले काय लिहायचे राहिले आहे ते पाहावे. दुसऱ्यात आपण त्यांचे काय लिहायचे ठेवले आहे तेही पाहावे. मुले जवळ बसलेली असतील तर त्यांनाही हे कागद वाचून दाखवावेत. उद्या तीही कोणाची नोकर आणि कोणाची मालक होणार आहेत.

 जय भीम.