गांडुळांचे घर



गांडूळ आपण सर्वांनी पाहिले आहे. पावसाळ्यात ते अंगणात येते. मुले त्याला काडीने डिवचतात. पण हा मुका जीव आपल्यासाठी केवढा राबतो!

गेल्या वर्षी आम्ही परसात गांडूळ खताचे खोके केले. गांडुळे विकत आणली. आम्हाला फार घाई. त्याच दिवशीचे ताजे शेण खोक्यात भरले आणि वर गांडुळे सोडली. दुसऱ्या दिवशी पाहतो तो काय! निम्मी मेलेली, बाकीची बाहेर पळालेली. शेणात हात घातला, तर ते कढत लागले. ताजे शेण कुजताना तापते. चूक आमची, जीव मात्र त्यांचा गेला.

म्हणून सांगतो, तुम्ही असे करा.

एक लाकडी खोके घ्या. तळाला भोके पाडा, म्हणजे पाणी निथळेल. खोके सावलीत विटांवर ठेवा. तळाशी नारळाच्या शेंड्या किंवा वाळका पाला पसरा. त्यावर पंधरा-वीस दिवसांचे जुने शेण आणि पालापाचोळा घाला. पाणी शिंपडा. मग आत हात घाला. गार लागले, तरच गांडुळे सोडा.

गांडुळे कोणती? शेतातली नकोत. ती माती खातात, खोल जातात. शेण-पाला खाणारी तांबडी गांडुळे आणा. अनेक कृषी विज्ञान केंद्रांत ती मिळतात.

वर ओले गोणपाट झाका. कोंबड्या टपलेल्याच असतात, म्हणून जाळी घाला. ओल किती हवी? मूठभर घेऊन दाबा. एक-दोन थेंब पडले, की पुरे.

भाजीची देठे, साली, चहाचा चोथा थोडा थोडा घाला. तेल, मीठ, तिखट, लिंबाच्या साली, मासळी मुळीच नको.

दीड-दोन महिन्यांत खत चहाच्या भुकटीसारखे काळे, मोकळे होते. त्याला घाण येत नाही, मातीचा वास येतो. मग चार दिवस पाणी बंद करा. खताचा ढीग उजेडात करा. गांडुळे आपोआप खाली जातात. वरचे खत काढून घ्या. खालची गांडुळे पुन्हा खोक्यात सोडा.

आमचे दुसरे खोके चांगले चालले आहे. आम्ही त्यावर खडूने तारीख लिहिली आहे. आता तुम्हालाही लिहिता येते. शेण कधी साठवले, गांडुळे कधी सोडली, ते खोक्यावर लिहा. दिवस मोजा. घाई करू नका. गांडुळे जगतील आणि तुमच्या परसातली वांगी-मिरची तरारेल.