करपा आला कुठून?



भातशेती करणाऱ्याला करपा ओळखायला शिकवावं लागत नाही. पानावर डोळ्याच्या आकाराचे ठिपके पडतात, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी. पुढे लोंबीची मान काळी पडते आणि तिथूनच मोडते. हा रोग ज्या बुरशीमुळे होतो, तिचाच गव्हावर जगणारा एक प्रकार २०१६ च्या फेब्रुवारीत बांगलादेशात दिसला. आशियात गव्हावरचा करपा त्याआधी कधी नोंदला गेला नव्हता. आठ जिल्ह्यांतलं सुमारे १५,००० हेक्टर पीक त्यात सापडलं. लांबून वाटे, गहू पिकलाय. ओंबी हातात घेतली की कळे, खालून हिरवी, वर पांढरीफटक. चोळली तर तळहातावर सुरकुतलेले, पोचट दाणे.

आता प्रश्न होता, ही बुरशी आली कुठून? तिथल्याच भातावरची बुरशी गव्हावर सरकली असेल, तर भाताचं प्रत्येक खाचर गव्हाला धोक्याचं. बाहेरून आली असेल, तर उपाय निराळा.

बुरशी प्रयोगशाळेत वाढवून, वेगवेगळ्या रोपांवर टोचून पाहण्याची जुनी पद्धत भरवशाची, पण वेळखाऊ. म्हणून बांगलादेशातले शास्त्रज्ञ डॉ. तोफज्जल इस्लाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतातून रोगट पानांचे तुकडे आणले. त्यांतला आरएनए, म्हणजे पेशीत कामाला लागलेल्या जनुकांच्या नकला, इंग्लंडमध्ये वाचून घेतला. रोगट पानात गव्हाच्या आणि बुरशीच्या नकला एकमेकींत मिसळलेल्या असतात. यंत्र अशा लाखो तुकड्यांची अक्षरं वाचतं, संगणक गव्हाचं आणि बुरशीचं वेगळं करतो. बुरशी वेगळी वाढवत बसावं लागत नाही.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते पुढचं. हाती आलेली माहिती त्यांनी कपाटात ठेवली नाही. शोधनिबंध छापून येण्याची वाट न पाहता ती साऱ्या जगापुढे उघडी ठेवली. ज्यांना त्यातलं कळत होतं, ते इतर देशांतले शास्त्रज्ञही लगेच कामाला लागले. काही आठवड्यांत उत्तर मिळालं: बुरशी स्थानिक भातावरची नाही, तिचं नातं दक्षिण अमेरिकेतल्या गव्हावरच्या करप्याशी आहे. ब्राझीलमध्ये हा रोग १९८५ पासून माहीत होता.

इकडे भारतात, बांगलादेशच्या सीमेलगतच्या मुर्शिदाबाद आणि नदिया जिल्ह्यांत गव्हाची पेरणीच थांबवावी लागली. रब्बीला गव्हाच्या भरवशावर बसलेल्या घरात त्याचा अर्थ काय होतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

२०१८ मध्ये आफ्रिकेत, झांबियात, हाच करपा उगवला. जनुकं ताडून पाहिली तेव्हा कळलं, की घराणं एकच, पण तिथे तो बांगलादेशातून गेलेला नाही, वेगळ्या वाटेनं पोचलाय. आणि या घराण्याला अडवणारं एक जनुक गव्हातच सापडलंय, आरएमजी-८ नावाचं. ते असलेले वाण हाताशी आहेत का, याचा शोध आता पैदासकारांच्या शेतात चालू आहे.